वाल्डेनस्ट्रॉमचं निदान : त्याच आजाराचं बोलायला कोणी कसं शोधावं? (बडोदा)

कारेलीबागची_सून
सासऱ्यांना (वय ६८) वाल्डेनस्ट्रॉम मॅक्रोग्लोब्युलिनेमिया (रक्ताचा एक दुर्मिळ, सावकाश वाढणारा कॅन्सर) निघालाय. बोन मॅरोमध्ये लिम्फोप्लाझ्मासायटिक लिम्फोमा, एमवायडी८८ (या आजारात बहुधा सापडणारा जनुकातला बदल) पॉझिटिव्ह, आयजीएम (या आजारात रक्तात वाढणारं प्रथिन) २,९०० मिग्रॅ/डेसीलिटर, हिमोग्लोबिन ११.४. सध्या औषध नाही, दर तीन महिन्यांनी तपासणी. उपचारांबद्दल शंका नाही. बाबांना याच आजाराचं कोणी बोलायला हवंय. कॅन्सरच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घेतलं, पण तिथे सगळं केमो आणि उलट्यांवरच. बाबा मराठी-गुजराती वाचतात, इंग्रजी जेमतेम. बडोदा, अहमदाबाद, मुंबई कुठलंही चालेल. सुरुवात कुठून करू?

रावपुरा_लॅब
नुसता ‘लिम्फोमा (लसीका पेशींचा कॅन्सर) ग्रुप’ शोधू नका. लिम्फोमाचे साठाहून जास्त प्रकार आहेत. त्यातल्या आक्रमक प्रकारांत लगेच केमो सुरू होते, आणि बाबांच्या प्रकारात लक्षणं नसतील तर थांबणं हीच रीत आहे. हा आजार पाश्चात्य देशांत दर दहा लाखांत वर्षाला साधारण तिघांना होतो, आशियात त्याहून कमी. तेव्हा बडोद्यात ग्रुप भरणार नाही. एक माणूस शोधा, दोन मिळाले तर भाग्य.

मायलोमाच्या (बोन मॅरोचा दुसरा एक कॅन्सर) ग्रुपमध्येही कोणीतरी बोलावेल, कारण एम-बँड (रक्ताच्या तपासणीत दिसणारा एकाच प्रथिनाचा पट्टा) दोन्हीकडे असतो. सावध राहा. मायलोमात हाडं ठिसूळ होतात, वाल्डेनस्ट्रॉममध्ये हे क्वचितच. तिथल्या गप्पा ऐकून बाबा उगाच पाठीचे एक्स-रे काढत बसतील.

डे_केअर_सिस्टर
हॉस्पिटल दुसऱ्या पेशंटचा नंबर देणार नाही, आणि देऊही नये. त्याऐवजी उलटी चिठ्ठी ठेवायची. अर्ध्या कागदावर आजाराचं पूर्ण नाव, वय, उपचारांचा टप्पा, भाषा, फोनची सोयीची वेळ आणि तुमचा नंबर लिहा. खाली ‘हा नंबर याच आजाराच्या पेशंटला द्यायला माझी हरकत नाही’ अशी ओळ आणि सही. फाइल नंबर लिहू नका.

चिठ्ठी द्यायची हिमॅटॉलॉजीच्या (रक्तविकारांच्या) ओपीडीतल्या समाजसेविकेला किंवा डे केअरच्या सिस्टरला. रिसेप्शनवर दिलीत तर ती ड्रॉवरमध्ये जाते. बडोद्यात तुमच्या डॉक्टरांकडे एक, अहमदाबादला असारव्याच्या सिव्हिल आवारातल्या गुजरात कॅन्सर अँड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एक, मुंबईला कधी दुसऱ्या मतासाठी गेलात तर टाटाला एक. सोमवारी सकाळी जाऊ नका, मान वर करायला कोणाला फुरसत नसते. दुपारी तीननंतर बरं. महिनाभर कोणाचा फोन आला नाही तर पुढच्या तपासणीच्या वेळी आठवण करून द्या. मधे सिस्टर बदललेली असू शकते.

सुरसागर_७
ऑनलाइनचं मी सांगतो. आयडब्ल्यूएमएफ ही फक्त याच आजाराची संस्था आहे, १९९४ साली अमेरिकेत एका पेशंटनेच सुरू केलेली. त्यांची ‘लाइफलाइन’ नावाची यादी आहे : कुठल्या विषयावर, कुठल्या औषधावर कोण बोलायला तयार आहे ते त्यात असतं. तिथे ‘वॉच अँड वेट’ (औषध न घेता नुसती तपासणी) शोधा. त्यांना ईमेल करून भारतातलं कोणी आहे का हेही थेट विचारा. ब्रिटनमध्ये याच आजाराची डब्ल्यूएमयूके ही संस्था आहे.

वेळेचं गणित आधी करा. न्यूयॉर्कची संध्याकाळी सातची बैठक आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटे साडेचार, हिवाळ्यात साडेपाच. लंडनची दुपारी दोनची उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. तेव्हा ब्रिटनचीच धरा. भाषेमुळे बाबांना बसवू नका. तुम्ही ऐका आणि चार मुद्दे मराठीत सांगा.

दुसरी मेख एककांची. ब्रिटनमध्ये आयजीएम बहुधा ग्रॅम प्रति लिटरमध्ये बोलतात. आपला आकडा भागिले शंभर, म्हणजे बाबांचं २९. हे ठाऊक नसलं तर समोरच्याचं ३५ ऐकून बाबांना वाटेल आपलं शंभरपट आहे.

रावपुरा_लॅब
आणि एम-बँडचा आकडा आयजीएमशी ताडू नका. पद्धती वेगळ्या, आकडे जुळत नाहीत. दर वेळी तीच लॅब ठेवा. दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना तर करूच नका. उपचार कधी सुरू करायचे हे मुख्यतः लक्षणं आणि हिमोग्लोबिनवर ठरतं, नुसत्या आयजीएमवर नाही.

मांजलपूर_काका
परदेशी ग्रुपबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. पहिले दोन महिने नकोच. तिथे जास्त लिहितात ते अडचणीत असलेले, ज्यांचं बरं चाललंय ते गप्प असतात. शिवाय जगण्याचे जुने आकडे फिरत असतात. इब्रुटिनिब या नव्या औषधाला या आजारासाठी अमेरिकेत मान्यता मिळाली २०१५ मध्ये, झानुब्रुटिनिबला २०२१ मध्ये. त्याआधीच्या पेशंटांवरून काढलेली सरासरी बाबांनी वाचून काय उपयोग?

सुरसागर_७
काका, मान्य. पण सुनेने वाचायला हरकत नाही. लिहू नका, नुसतं वाचा. रिटुक्सिमॅब हे औषध घेणाऱ्यांचे धागे सोडून द्या. त्या औषधानंतर काहींचं आयजीएम आधी वर उसळतं, मग खाली येतं, आणि दर वेळी तिथे घबराट होते.

डे_केअर_सिस्टर
माणूस मिळाला की पहिला फोन वीस मिनिटांचा. विचारायचं काय : तपासणीच्या आधीचा आठवडा कसा काढता, थकवा आला की दिवस कसा आखता, मुंग्या आल्या तर कोणाला दाखवलं, घरच्यांना काय सांगितलं. विचारायचं नाही : तुम्ही कुठलं औषध घेता, मीही घेऊ का.

नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त, अंधुक दिसणं, सतत डोकं दुखणं, झोक जाणं, यातलं काही झालं तर समदुःख्याला नाही, डॉक्टरांना फोन. रक्त घट्ट झाल्याची लक्षणं असू शकतात. ग्रुपवर उत्तराची वाट पाहत रात्र काढू नका.

रिपोर्टचा फोटो पाठवताना नाव, यूएचआयडी (हॉस्पिटलचा पेशंट नंबर), मोबाइल आणि क्यूआर कोड झाका. क्यूआर सगळे विसरतात, आणि काही लॅबचा तो स्कॅन केला की अख्खा रिपोर्ट उघडतो. ग्रुपात कोणी काढा, पावडर किंवा ‘रक्त शुद्ध करणारा’ कोर्स विकू लागला तर तिथून निघा. असा माणूस आधी आठवडाभर फक्त विचारपूस करतो, म्हणून ओळखू येत नाही.

कारेलीबागची_सून
खूप मदत झाली. चिठ्ठी अशी लिहिलीय, चालेल का?
‘लिम्फोप्लाझ्मासायटिक लिम्फोमा / वाल्डेनस्ट्रॉम. वय ६८. आयजीएम २,९००. सध्या औषध नाही. कृपया अनुभवी पेशंटने संपर्क करावा.’

डे_केअर_सिस्टर
आयजीएम काढा, नाहीतर पहिला फोन आकड्यांवरच जाईल. ‘सध्या औषध नाही’ आजाराच्या नावाला लागूनच लिहा, म्हणजे तशाच टप्प्यातला माणूस फोन करेल. ‘अनुभवी’ खोडा, नवा पेशंटही चालतो आणि तो जास्त बोलतो. मराठी किंवा गुजराती, संध्याकाळी पाच ते सात, हे राहिलंय. संमतीची ओळ आणि सहीही नाही. आणि तीच चिठ्ठी मागच्या बाजूला गुजरातीत लिहा.

मांजलपूर_काका
सही बाबांची घ्या, तुमची नको. नंबर मात्र दोघांचे द्या. भेटायचं ठरलं तर बंद खोलीपेक्षा कमाटीबाग बरी, सकाळी लवकर. सर्दी-खोकला असला तर कोणीही निःसंकोच पुढे ढकलायचं, हे फोनवरच ठरवून ठेवा.