पौष पौर्णिमेच्या सुमारास कच्छ आणि सौराष्ट्र: रण, प्रवाळ, जंगल आणि माळ यांचा क्रम कसा लावावा?

वाटसरू_पुणे

नमस्कार. येत्या पौष पौर्णिमेच्या आसपास आम्ही दोघे, सातवीत शिकणारा मुलगा आणि सत्तरी ओलांडलेली माझी आई असे चौघे नऊ-दहा दिवसांसाठी गुजरातला जाण्याचा विचार करीत आहोत. मुलाला भूगोलाची आवड आहे आणि पुस्तकात वाचलेली निरनिराळी भूरूपे त्याला एकाच प्रवासात प्रत्यक्ष पाहता यावीत, अशी मूळ कल्पना आहे. मिठाचे रण, गवताळ माळ, सागाचे पानगळी जंगल आणि प्रवाळ असलेला उथळ समुद्र हे सारे कच्छ-सौराष्ट्रात एकमेकांपासून चार-सहा तासांच्या अंतरावर आहे, म्हणून हा प्रदेश निवडला.

सध्या नकाशा पाहून आखलेला मार्ग असा आहे: अहमदाबादहून वेळावदरचा गवताळ माळ, तेथून सासण गीर, सोमनाथ आणि दीव, मग किनाऱ्याने द्वारका, जामनगर, तेथून भुज आणि धोरडोचे पांढरे रण, आणि परतताना छोटे रण पाहून पुन्हा अहमदाबाद. गाडी चालकासह भाड्याने घेणार आहोत. हा मार्ग वर्तुळाकार असल्यामुळे सोयीचा वाटतो, परंतु मुक्काम फार होत आहेत, असे पत्नीचे म्हणणे आहे. काय गाळावे? दोन्ही रणे पाहण्यात अर्थ आहे का? आणि जामनगरजवळच्या नरारा येथे समुद्रात चालत जाऊन प्रवाळ पाहता येतात असे वाचले, ते आईला झेपेल का? आईची स्वतःची इच्छा फक्त सोमनाथाची आहे.

खाडीकाठ

आपल्या पत्नीचे म्हणणे योग्य आहे, परंतु मुक्कामांच्या संख्येपेक्षा त्यांचा क्रम मला अधिक खटकतो. या फेरीत दोन ठिकाणे चंद्रावर अवलंबून आहेत आणि बाकीची नाहीत. तेव्हा आधी त्या दोन ठिकाणांच्या तिथी ठरवाव्यात आणि उरलेला मार्ग त्यांच्याभोवती बसवावा.

पहिले ठिकाण अर्थातच पांढरे रण. चतुर्दशी आणि पौर्णिमा या दोन दिवशी सूर्य मावळतो त्या सुमारास चंद्र वर आलेला असतो किंवा येत असतो, त्यामुळे मिठावरचा संधिप्रकाश आणि चांदणे दोन्ही सलग पाहता येतात. पुढे चंद्रोदय रोज पाऊण-एक तासाने उशिरा होत जातो आणि लहान मूल व वयस्कर माणूस बरोबर असताना थंडीत त्याची वाट पाहत बसणे कोणालाच आवडत नाही.

दुसरे ठिकाण नरारा. तेथील प्रवाळ पाहण्यासाठी पाण्यात बुडी मारावी लागत नाही, कारण कच्छच्या आखातात ओहोटीला पाणी इतके दूर हटते की प्रवाळांचा सपाट खडक उघडा पडतो आणि त्यावरून चालत जाता येते. पण हे दृश्य उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या सुमारास येणाऱ्या मोठ्या भरती-ओहोटीच्या दिवसांतलेच. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी असते, तेव्हा पाणी पुरेसे मागे जात नाही आणि जामनगरपर्यंत जाऊनही फारसे काही हाती लागत नाही. उधाणाचा जोर पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी सर्वाधिक असतो आणि ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे पौर्णिमेनंतरच्या प्रत्येक दिवशी सकाळची ओहोटी अधिकाधिक स्वच्छ उजेडात येते. हे ध्यानात घेतले की आधी रण आणि मग आखात हा क्रम आपोआप ठरतो, आणि आपण नेमका त्याच्या उलट लावला आहे.

माझी सूचना अशी की अहमदाबादहून सुरुवात करूच नये. मुंबईहून कच्छ एक्सप्रेस किंवा सयाजीनगरी एक्सप्रेसने रात्रीचा प्रवास करून चतुर्दशीला सकाळी भुजला उतरावे. पौर्णिमेची रात्र रणात, प्रतिपदेला सूरजबारी पुलावरून मोरबीमार्गे जामनगर, द्वितीयेला सकाळी नरारा, तृतीयेला सासणकडे प्रयाण, तेथे दोन दिवस, षष्ठीला वेळावदर आणि सप्तमीला अहमदाबादहून परतीची गाडी. द्वारका आणि दीव दोन्ही वगळावीत. सोमनाथ सासणपासून तासाभरावर आहे, त्यामुळे आईंची इच्छा अर्ध्या दिवसात पूर्ण होईल.

कोकणात आपण तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढतो, तो हिशेब मात्र तेथे लावू नये. ओख्यापासून कांडल्याकडे जाताना आखात अरुंद होत जाते, भरती-ओहोटीतील फरक वाढतो आणि वेळाही बदलतात. जवळच्या बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता पाहूनच जामनगरचा मुक्काम निश्चित करावा.

बडोदेकर

क्रमाबद्दल खाडीकाठ यांच्याशी पूर्ण सहमत आहे. नराराविषयी थोडे अधिक सांगतो, कारण तेथे बहुतेक लोक चुकीच्या तयारीने जातात.

नरारा हा 1982 साली घोषित झालेल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. हे देशातले पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान. प्रवेशासाठी वन विभागाची परवानगी आणि मूळ ओळखपत्र लागते, आणि स्थानिक मार्गदर्शकाला बरोबर घेतल्याखेरीज आत जाण्यात काहीही हशील नाही. नवख्या डोळ्याला तेथे चिखल, शेवाळ आणि दगड एवढेच दिसते. मार्गदर्शक मात्र त्याच दगडांमधल्या डबक्यांत समुद्रकाकडी, अंग फुगवणारा पफर मासा, नाना तऱ्हेचे खेकडे आणि नशीब असेल तर रंग बदलणारा ऑक्टोपस दाखवतो. मार्गदर्शक हौसेने एखादा प्राणी उचलून मुलाच्या हातात देऊ लागला तर त्याला नम्रपणे थांबवावे. प्रवाळांना वन्यजीव कायद्याने वाघ-सिंहांइतकेच संरक्षण आहे, त्यामुळे किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडाही उचलू नये.

चालणे सपाटीवरचे असले तरी सोपे नाही. पाणी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत येते, खालचा खडक ओबडधोबड आणि धारदार असतो, आणि चपला चिखलात राहून जातात. घट्ट बांधता येणारे जुने बूट घालावेत आणि ते परत आणण्याची आशा ठेवू नये. आईंना मी यात नेणार नाही. किनाऱ्यालगत तिवरांची झाडी आहे, तिच्या कडेने थोडे फिरून त्यांना बसता येईल. परंतु त्यांच्यासाठी खरी सुंदर जागा खिजडिया आहे. जामनगर संस्थानाच्या काळात समुद्राचे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घातले गेले, आणि त्यामुळे आज बांधाच्या एका बाजूला गोड्या पाण्याचे तळे आणि दुसऱ्या बाजूला खारी दलदल अशी विलक्षण रचना तयार झाली आहे. बांधावरून सावकाश चालत एकीकडे बदके आणि दुसरीकडे रोहित पक्षी पाहायचे. भूगोलाची आवड असलेल्या मुलाला खाऱ्या-गोड्या पाण्याचा फरक याहून स्पष्टपणे कोठे दिसेल असे वाटत नाही. नराराच्या दिवशीच संध्याकाळी येथे यावे.

गीरचे परवाने वन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढावेत. त्याच्याशी मिळतीजुळती नावे घेतलेली दलालांची संकेतस्थळे बरीच आहेत आणि माझ्या नात्यातल्या एका कुटुंबाने अशाच एका ठिकाणी दुप्पट पैसे भरले. सकाळची एक आणि संध्याकाळची एक फेरी पुरेशी आहे. 2025 च्या गणनेत आशियाई सिंहांची संख्या 891 निघाली आणि त्यांतले बरेचसे गीरच्या जंगलाबाहेर राहतात, त्यामुळे सिंह दिसण्याची चिंता फार करू नये. जंगलाकडे जंगल म्हणून पाहावे: जानेवारीत साग पाने गाळू लागतो, ओढ्यांच्या काठी मात्र हिरवे असते, आणि अधूनमधून मालधारी पशुपालकांच्या काटेरी कुंपणाच्या वस्त्या, म्हणजे नेस, लागतात, जेथे म्हशी आणि सिंह पिढ्यान्‌पिढ्या एकाच रानात नांदत आले आहेत. देवळिया येथील कुंपणातली बसफेरी आईंना सोयीची आहे, परंतु तिला गीर पाहिले असे म्हणवत नाही.

माळरान

वरील आखणी चांगली आहे; मात्र धोरडोला मुक्काम करण्याचा आग्रह मला पटत नाही. रणोत्सवाच्या काळात पौर्णिमेला तेथे जी गर्दी, दिवे आणि ध्वनिक्षेपक असतात, त्यांत रणाचे मुख्य वैशिष्ट्य, म्हणजे त्याचे निर्मनुष्य विस्तीर्णपण, हरवून जाते. शिवाय तंबूंचे दर पौर्णिमेला परवडण्यासारखे नसतात.

त्याऐवजी खावड्यावरून धोळावीराला जावे. खदीर बेटाकडे जाणारा हा रस्ता थेट रणातून जातो आणि दोन्ही बाजूंना, त्या वर्षीच्या पावसानुसार, उथळ पाणी किंवा पांढरे मीठ पसरलेले असते. 2021 साली जागतिक वारसा यादीत आलेले हडप्पाकालीन नगर येथेच आहे, आणि मनसर व मनहर या दोन हंगामी ओढ्यांचे पाणी अडवून साठवण्यासाठी खोदलेले तेथील प्रचंड हौद पाहिले, की एवढ्या कोरड्या प्रदेशात माणसे कशी राहिली याचे उत्तर मुलाला मिळते. वाटेत वाकडी वाट करून काळा डुंगर चढावा. तो जेमतेम 460 मीटर उंच आहे, पण गाडी वरपर्यंत जाते आणि रण किती मोठे आहे ते आईंनाही तेथूनच उमगेल. 1819 च्या भूकंपात याच रणाच्या उत्तर भागात जमीन उचलली जाऊन अल्लाबंद नावाचा लांबलचक उंचवटा तयार झाला. तो येथून दिसत नाही, पण ती हकीकत सांगायला यासारखी दुसरी जागा नाही.

दोन्ही रणे पाहावीत का, तर माझ्या मते नाही. छोटे रण हे मिठाच्या शुभ्रतेसाठी पाहायचे नसते. तेथे भेगाळलेला चिखल, रानगाढवांचे कळप आणि मीठ पिकवणाऱ्या अगरियांची मिठागरे आहेत, आणि त्यासाठी दसाडा किंवा झैनाबादला निदान एक पूर्ण दिवस द्यावा लागतो. तो दिवस वेळावदरला द्यावा. वेळावदरचे उद्यान जेमतेम 34 चौरस किलोमीटरचे आहे, पण काळवीट, लांडगा आणि तरस यांचा असा उघडा माळ आता फारसा कोठे उरलेला नाही. हिवाळ्यात मध्य आशियाकडून आलेले भोवत्ये (हॅरियर जातीचे शिकारी पक्षी) सूर्यास्ताच्या आधी शेकडोंनी गवतात उतरतात. जगातील भोवत्यांच्या मोठ्या रातथाऱ्यांमध्ये त्याची गणना होते, आणि तो पाहण्यासाठी दुपारी उशिराचीच फेरी घ्यावी.

वाटसरू_पुणे

तिघांचेही मनापासून आभार. द्वारका, दीव आणि छोटे रण वगळले. धोळावीरा मनात भरले आहे, पण एक शंका राहते: पौर्णिमेला धोळावीरा आणि प्रतिपदेला जामनगर हा एका दिवसाचा पल्ला आईला जड जाणार नाही का?

खाडीकाठ

जड जाईल. म्हणून चतुर्दशीला भुजला उतरताच तेथे न थांबता काळा डुंगर करून धोळावीरा गाठावे, पौर्णिमेला सकाळी उत्खनन पाहून दुपारी परत निघावे, सूर्यास्ताला धोरडोच्या रणात उतरावे आणि रात्री भुजला मुक्काम करावा. धोरडोसाठीचा परवाना भिरंडियारा येथे मिळतो; रात्री किती वेळ रणात थांबू देतील हे तेथेच विचारून घ्यावे, कारण पुढे सीमा आहे आणि नियम सुरक्षा दलाच्या निर्णयानुसार बदलतात. असे केल्यास प्रतिपदेचा प्रवास भुजपासून सुरू होईल आणि दुपारच्या चहापर्यंत तुम्ही जामनगरला असाल. खावड्यानंतर पेट्रोल आणि बरे जेवण मिळण्याची शाश्वती नसते, तेव्हा टाकी भुजलाच भरून घ्यावी आणि आईंसाठी डबा बरोबर ठेवावा. गाडी ठरवताना ती भुजला घेऊन अहमदाबादला सोडणार असल्याचे आधीच सांगावे. रिकाम्या परतीचे भाडे चालक मागतोच, ते शेवटच्या दिवशी ऐकण्यापेक्षा पहिल्याच दिवशी ठरलेले बरे.