'डूम्ड टू सक्सीड' : चिनी विद्यार्थ्यांना नशिबाचं इंग्रजी कसं शिकवावं?

अनुस्वार (धागाकर्ता)
मँडरिनभाषकांना इंग्रजी शिकवणारे इथे आहेत, म्हणून हा वाद इथेच काढतो. मँडरिनमधलं 'जूदिंग' म्हणजे आधीच ठरलेलं, न टळणारं. त्याला रंग नाही: यशही जूदिंग, अपयशही जूदिंग. शब्दकोशात त्याच्यापुढे डेस्टिन्ड, डूम्ड, फेटेड, बाउंड अशी रांग लागलेली असते आणि विद्यार्थी हाताला येईल तो उचलतो. मग निबंधात एखादी कंपनी 'डूम्ड टू सक्सीड' होते, जणू यश हीच तिची शिक्षा.

माझं मत: चिनी प्रतिशब्द वर्गाबाहेर ठेवा. शब्द त्याच्या सोबत्यांसकटच द्या. डूम्डच्या मागे फेल, डाय, रिपीट. डेस्टिन्डच्या मागे ग्रेटनेस, स्टारडम, किंवा मालाच्या खोक्यावर 'डेस्टिन्ड फॉर शांघाय'. तिथे नशिबाचा संबंधच नाही, नुसता मुक्काम. दहा-बारा जोड्या तोंडात बसल्या की काम होतं.

खडूमास्तर
असहमत. प्रतिशब्द तुम्ही वर्गाबाहेर काढाल, डोक्याबाहेर कसा काढणार? कॉलेज इंग्लिश टेस्ट, म्हणजे चीनमधल्या विद्यापीठांतली इंग्रजीची परीक्षा, तिच्या चौथ्या पातळीत 140 ते 160 चिनी अक्षरांचा उतारा इंग्रजीत करायला येतो. तिथे जूदिंग समोर छापलेला असेल तर पाठ केलेल्या जोड्या काय कामाच्या?

त्यापेक्षा जूदिंग फळ्यावर लिहा आणि फोडा. शेवट वाईट आहे? डूम्ड. चांगला किंवा मोठा आहे? डेस्टिन्ड. नशीब वगैरे काही नाही, लक्षणं बघून 'होणारच' म्हणताय? बाउंड टू. त्याला मँडरिनमध्येही 'खनदिंग' हा वेगळा शब्द आहे, तो शेजारी लिहा. डूमचा जुना अर्थ निवाडा. निवाडा आपल्या विरुद्ध गेला की माणूस डूम्ड, एवढं सांगितलं की विसरत नाहीत. शिवाय इंग्रजी लेखक 'डूम्ड टू सक्सीड' मुद्दाम, तिरकसपणे लिहितातही. जोड्या घोकलेल्याला त्यातली मेख कळणार नाही.

पैलतीर
तुम्ही दोघं अर्थावर भांडताय. वह्या तपासा, निम्म्या चुका अर्थाच्या नसतातच. 'ही डेस्टिन टू फेल', 'आय सपोज टू गो'. एक तर 'इज' गायब, नाहीतर शेवटचा 'ड'. कारणं दोन. मँडरिनमध्ये जूदिंग थेट क्रियापदापुढे बसतो, 'ता जूदिंग शिबाइ' (तो-जूदिंग-हरणे), मधे 'आहे' लागत नाही. आणि मँडरिनचं अक्षर स्वरावर, न-ङ वर, फार तर र वर संपतं. ड वर कधीच नाही. त्यात 'सपोज्ड टू' बोलताना इंग्रज स्वतःच 'सपोस्टू' म्हणतो. कानाला जे ऐकूच आलं नाही ते हात लिहिणार कसं?

उपाय श्रुतलेखनाचा. रोज पाच वाक्यं, बोलण्याच्या नेहमीच्या वेगात. तपासताना फक्त 'इज/वॉज' आणि 'ड' यांनाच लाल शाई. बाकीच्या चुका त्या दिवशी माफ.

अनुस्वार
श्रुतलेखन मान्य. पण 'वॉज सपोज्ड टू' अचूक लिहूनही त्याला अर्थ कळलेला नसतो. 'इंगकाय' या एका शब्दात 'पाहिजे', 'बहुधा' आणि 'ठरलं होतं' हे तिन्ही येतात.

खडूमास्तर
बघा, आलात ना प्रतिशब्दावरच! तिथेही मँडरिनचीच मदत घ्या. इंगकायच्या आधी 'बनलाय', म्हणजे 'मुळात', लावून सांगा. 'गाडी नऊला यायची होती' म्हटलं की ती आली नाही हे आपल्याला न सांगता कळतं. 'बनलाय इंगकाय' म्हटल्यावर त्यांनाही तसंच कळतं. तेच 'वॉज सपोज्ड टू'.

हेतूच्या शब्दांतही हेच. 'मी मुद्दाम केलं नाही' याचं ते 'आय ॲम नॉट ऑन पर्पज' करतात, कारण मूळ वाक्यात 'मी नाही' आणि 'मुद्दाम' यांच्यामध्ये क्रियापदच नाही. तिथे 'आय डिडन्ट मीन टू' हवं. आणि लगेच पुढच्या ओळीत 'इट वॉजन्ट मेन्ट टू' लिहा: पहिल्यात करणाऱ्याचा हेतू, दुसऱ्यात वस्तू कशासाठी केली ते. 'वेइल' म्हणजे 'साठी', म्हणून 'फॉर इम्प्रूव्ह माय इंग्लिश' येतं. फॉरपुढे नाम, टूपुढे क्रियापद. हे मात्र घोकूनच घ्यायचं, इथे अनुस्वार यांच्याशी भांडण नाही.

पैलतीर
बाउंडबद्दल एक राहिलं. बाउंड टू आणि बाउंड फॉर हे मुळातच दोन वेगळे शब्द. पहिला बांधलेला, दुसरा जुन्या नॉर्समधला, 'निघायला तयार'. मँडरिनमध्ये 'अमुक गावाकडे जाणारी गाडी' यासाठी 'काइवांग' हा वेगळा शब्द आहेच, तेव्हा दोन्ही एका तासात शिकवू नका.

उत्तररात्र
'युआनफन', म्हणजे माणसांची गाठ घालून देणारं नशीब, कोणीच काढला नाही! 'वी हॅव फेट' हे हमखास येणारं वाक्य. त्याऐवजी 'वी वर मेन्ट टू मीट' द्या, विषय संपला.

खडूमास्तर
संपला नाही. मेन्ट टू मीट म्हटलं की प्रेमप्रकरण वाटतं. युआनफन रेल्वेत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाशीही असतो. यातला 'युआन' बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरात संस्कृत 'प्रत्यय' या शब्दासाठी वापरला गेला, म्हणजे साहाय्यक कारण. आपला ऋणानुबंध जवळचा. इंग्रजीत एका शब्दात नाहीच. शेजाऱ्याशी बोलताना 'व्हॉट अ कोइन्सिडन्स' किंवा 'ग्लॅड अवर पाथ्स क्रॉस्ड' शिकवा.

उत्तररात्र
कोइन्सिडन्स म्हणजे निव्वळ योगायोग. युआनफनच्या अगदी उलट नाही का?

खडूमास्तर
उलटच. म्हणून तर दुसरं वाक्य दिलंय.