‘रेसिपी’ म्हणजे हुकूम की नुसता इशारा?

शब्दवेडी
‘रेसिपी’ हा मुळात स्वयंपाकघरातला शब्दच नाही. लॅटिनमध्ये ‘रेसिपे’ म्हणजे ‘घे’, चक्क आज्ञार्थ. युरोपातले वैद्य औषधाची चिठ्ठी याच शब्दाने सुरू करत: घे, हे इतकं, ते तितकं. हा हुकूम औषध बनवणाऱ्याला असे, रोग्याला नव्हे. पुढे त्या चिठ्ठीलाच रेसिपी म्हणू लागले आणि १८व्या शतकात इंग्रजीत हा शब्द खाद्यपदार्थांसाठीही रुळला. म्हणून माझं ठाम मत आहे: ज्यात मापं नाहीत, ती रेसिपी नव्हे. ‘मीठ चवीपुरतं’ चालेल, चाखून ठरवता येतं. पण ‘मैदा लागेल तसा, सोडा थोडा’ असं लिहिणं म्हणजे नवशिक्याला वाऱ्यावर सोडणं.

जुनी वही
अजिबात पटलं नाही. शब्दाचं कूळ काढून आजचा अर्थ ठरत नसतो. आणि काढायचंच तर पुरतं काढा. साधारण १३९० च्या सुमारास इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या आचाऱ्यांच्या कृती लिहिल्या गेल्या. ‘फोर्म ऑफ क्युरी’ या नावाने तो संग्रह ओळखला जातो (क्युरी म्हणजे त्या काळच्या इंग्रजीत स्वयंपाक). त्यातल्या कितीतरी कृती ‘टेक’ने सुरू होतात. म्हणजे तुमचंच ‘घे’! पण माप जवळपास कुठेच नाही. वाचणारा मुरलेला आचारी होता. काय घ्यायचं आणि कशामागून काय करायचं, एवढंच त्याला हवं होतं.

पाहुणा
थोडं विषयांतर. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं ‘आरएक्स’ हे गुरू ग्रहाचं चिन्ह आहे असं वाचलं होतं. त्याचं काय?

शब्दवेडी
@पाहुणा, ती गोष्ट रंजक आहे, पण त्यापेक्षा सरळ उलगडा हातात आहे. ते ‘रेसिपे’चंच लघुरूप. लॅटिन हस्तलिखितांत शब्द तोडून लिहिला की अक्षराला आडवी रेघ मारत. ‘आर’च्या पायावरची ती रेघ म्हणजे आपल्याला दिसणारा ‘एक्स’.
@जुनी वही, राजाच्या आचाऱ्याला माप नको होतं, मान्य. पण आज रेसिपी वाचतो कोण? ज्याला येत नाही तो! चमचाभर बेकिंग सोडा सपाट घेतला की शिगोशीग भरून, यावर केक खाण्याजोगा होतो की साबणासारखा लागतो हे ठरतं. कपभर मैदा अलगद भरला तर साधारण १२० ग्रॅम, दाबून भरला तर दीडशेच्या घरात.

जुनी वही
केक ठीक आहे, पण सूपला कसला आलाय तराजू? शिवाय इंग्रज स्वयंपाकघरात दीर्घकाळ ‘रिसीट’ हाच शब्द होता, रेसिपी नव्हे. दोन्ही एकाच लॅटिन धातूतून आले, पण रिसीट म्हणजे ‘मिळालेलं’, कुणीतरी हाती दिलेलं. १८४५ साली एलायझा अ‍ॅक्टन यांनी आपल्या पुस्तकाच्या शीर्षकातही ‘रिसीट’च वापरला. आज त्या शब्दाला बिलाच्या पावतीपुरतं उरवलंय याचं मला खरंच वाईट वाटतं.

सपाट चमचा
पण @जुनी वही, अ‍ॅक्टनबाईंचं नाव घेतलंत तर पुढचंही सांगा. त्याच पुस्तकात त्यांनी कृतीच्या शेवटी जिन्नस, त्यांची मापं आणि लागणारा वेळ वेगळा काढून दिला. १८६१ मध्ये इझाबेला बीटन यांनी तीच यादी वर आणली. १८९६ मध्ये बॉस्टनच्या फॅनी फार्मर यांनी सपाट चमचा आणि सपाट कप यांचा आग्रह धरला. म्हणजे मापं आणली ती घरी शिकणाऱ्या बायकांसाठी लिहिणाऱ्या या बायकांनी, वैद्यांच्या चिठ्ठीने नव्हे. शब्दवेडी, मापांच्या बाजूने मी तुमच्याबरोबर आहे, पण कारण लॅटिनमध्ये शोधू नका.

जुनी वही
@सपाट चमचा, हे मात्र मानलं. तरी सूपचं माझं म्हणणं कायम आहे.