मदत हवी आहे : चावी घरात, तरी गाडी चोरीला जाते म्हणे!

मंडळी, आम्ही पर्वरीला राहतो. नवी पुश-बटणवाली गाडी गेटाबाहेर असते, चावी दाराजवळच्या खुंटीवर. मधे जेमतेम पाच पावलं. भाच्याने घाबरवून सोडलंय : एक चोर दाराशी यंत्र धरतो, दुसरा गाडीशी, आणि दोघं मिळून चावीचा सिग्नल लांबवतात. गाडीला वाटतं मालकच आला. ना काच फुटते, ना अलार्म वाजतो. आमचे हे म्हणतात, "गोंयांत कोण चोरतलो?"

चावी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून गाडीपाशी गेले, हँडल ओढलं, तर दार उघडलं! झाकण सैल असावं. फॉइलमध्ये दोनदा गुंडाळल्यावर मात्र गाडी ढिम्म. पण रोज डब्यातल्या चपातीसारखी चावी कोण गुंडाळणार?

फॅराडे पाऊच (चावीचा सिग्नल अडवणारी, धातूच्या अस्तराची पिशवी) वापरणाऱ्यांनी सांगा, घडीवर अस्तर किती दिवस टिकतं? शिवाय हेडलाइटमागच्या वायरींतून कॅन बसमध्ये (गाडीतले छोटे संगणक ज्यावरून एकमेकांशी बोलतात ते वायरींचं जाळं) खोटे संदेश घुसवले तर चावीची गरजच उरत नाही, तिथे पाऊच काय करणार! म्हणून स्टिअरिंगला जाडजूड लोखंडी लॉकही घ्यायचाय. म्हापशात किंवा पणजीत चांगला कुठे मिळेल? आणि गाडी सुरूच होऊ न देणारा, लपवलेला कट-ऑफ स्विच कुणी बसवलाय का? वॉरंटीला अडचण आली?