ऑस्ट्रिया अजून बाहेर, फिनलंड नाटोत: तटस्थता नक्की कुणाला परवडते?

दूरचा डोंगर
फिनलंड एप्रिल २०२३ मध्ये नाटोत गेला, स्वीडन मार्च २०२४ मध्ये. ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, आयर्लंड अजून बाहेरच. विषय निघाला की "ते देश शांतताप्रिय आहेत" म्हणून लोक मोकळे होतात. मला ते पटत नाही. तटस्थता हा सौदा असतो आणि त्याचा भाव बहुधा बडे शेजारी ठरवतात.

ऑस्ट्रियाचंच घ्या. दुसऱ्या महायुद्धानंतर दहा वर्षं तिथे अमेरिका, रशिया, ब्रिटन आणि फ्रान्सच्या फौजा होत्या. व्हिएन्नात तर एकाच गाडीत चार देशांचे शिपाई बसून गस्त घालायचे. त्यांना घालवायचं तर मॉस्कोला हमी हवी होती, की ऑस्ट्रिया कुठल्याही लष्करी गटात जाणार नाही. एप्रिल १९५५ मध्ये चॅन्सेलर युलिउस राब मॉस्कोला जाऊन "स्वित्झर्लंडसारखे राहू" असं कबूल करून आले. मे महिन्यात करार झाला. फौजा जाण्याची मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, २६ ऑक्टोबरला, संसदेने तटस्थतेचा कायदा केला. आधी नाही, नंतरच. म्हणजे आम्ही हे स्वखुशीने केलं असं म्हणायची सोय!

निव्वळ शंका
सौदा म्हटलं की तो वाईटच कसा? शेजारच्या जर्मनीचे दोन तुकडे १९९० पर्यंत जुळले नाहीत. ऑस्ट्रिया दहा वर्षांत अखंड सुटला. पुढच्याच वर्षी हंगेरीत रशियन रणगाडे घुसले तेव्हा जवळपास १,८०,००० निर्वासितांना याच "तटस्थ" देशाने सीमा उघडून आत घेतलं. तटस्थ म्हणजे तोंडाला कुलूप नव्हे.

सांगलीचा गडी
बेल्जियमला विचारा. १८३९ च्या लंडन करारात ब्रिटन, फ्रान्स, प्रशिया (पुढच्या जर्मनीचा गाभा), ऑस्ट्रिया आणि रशिया अशा पाच बड्यांनी त्याच्या तटस्थतेची हमी दिली. ४ ऑगस्ट १९१४ ला जर्मन फौज आत. युद्धानंतर फ्रान्सशी लष्करी करार केला, १९३६ मध्ये पुन्हा तटस्थतेकडे वळले, आणि १० मे १९४० ला जर्मन पुन्हा आत. दोनदा मार खाल्ल्यावर १९४९ मध्ये नाटोच्या संस्थापकांत जाऊन बसले. त्यांना कोण नावं ठेवणार?

घाटमाथा
कारण बेल्जियम वाटेत होता. स्वित्झर्लंडही वाटेतच होता की, जर्मनी आणि इटलीच्या मधोमध! पण १९३९ मध्ये त्यांनी चार लाखांवर माणसं हत्याराखाली उभी केली. आल्प्समधले पूल आणि बोगदे सुरुंग भरून तयार ठेवले. घुसलात तर आल्प्समधून इटलीकडे जाणारा गॉटहार्डचा रेल्वेमार्ग तुमच्या हाती लागणार नाही, एवढा साधा हिशेब. तटस्थतेला दात लागतात.

सांगलीचा गडी
दात होते, मान्य. पण हिशेबाची दुसरी बाजूही सांगा. त्याच काळात स्विस कारखाने जर्मनीला तोफा विकत होते आणि स्विस राष्ट्रीय बँक लुटीचं सोनं विकत घेत होती. स्वीडननेही लोहखनिज दिलं, जर्मन सैनिकांना आपल्या रेल्वेने जाऊ दिलं. याला दात म्हणायचं की दुकान?

घाटमाथा
दोन्ही. लहान देशाला एकावर भागत नाही.

चहा कमी साखर
आयर्लंड कसा सुटला यातून? त्यांच्याकडे एकही लढाऊ जेट विमान नाही. आकाशात काही संशयास्पद दिसलं तर ब्रिटनच्या हवाई दलाकडे बघायचं. सोसायटीच्या वॉचमनचा पगार बाकीच्यांनी द्यायचा आणि आपण सभेत "आमचं कुणाशी वैर नाही" म्हणायचं.

(आता कुणीतरी भारत काढणारच, म्हणून मीच काढतो. पाकिस्तान सीटो आणि सेंटो या पाश्चिमात्यांच्या दोन्ही लष्करी गटांत होता, १९७१ मध्ये त्याच्यासाठी कोण लढलं? अलिप्त भारताने मात्र ऑगस्टमध्येच रशियाशी करार करून ठेवला होता.)

दूरचा डोंगर
आणि १९६२? नोव्हेंबरात नेहरूंनी केनेडींकडे लढाऊ विमानं मागितली होती. संकटात अलिप्ततेलाही दार ठोठवावं लागतं. भारतावर वेगळा धागा काढा, इथे युरोपच राहू दे.

निव्वळ शंका
बरं, युरोपच. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये संपला. सौदाच होता तर त्याच दिवशी मोडायला हवा होता. तटस्थतेचा कायदा बदलायला संसदेत दोन-तृतीयांश मतं पुरेशी आहेत. तरी ऑस्ट्रियातले मोठे पक्ष त्याला हात लावत नाहीत, कारण लोकांनाच ती हवी आहे.

दूरचा डोंगर
हवी असणारच! नकाशा बघा. जर्मनी, झेकिया, स्लोव्हाकिया, हंगेरी, स्लोव्हेनिया, इटली, सगळे नाटोत. उरले स्वित्झर्लंड आणि लिक्टेनस्टाइन. व्हिएन्नाला पोचायचं तर आधी दुसऱ्या कुणाशी तरी लढावं लागेल. फिनलंडची रशियाशी १,३४० किलोमीटरची सीमा आहे.

घाटमाथा
सीमा तर १९४८ मध्येही होती आणि तेव्हा त्यांनी रशियाशी मैत्रीचा करार करून दिवस काढले. सैन्यसेवा सक्तीचीच ठेवली, राखीव फौज कधी मोडली नाही आणि "वाटलं तर नाटोत जाऊ" हे दार उघडं ठेवलं. डिसेंबर २०२१ मध्ये रशियाने नाटोचा विस्तार थांबवण्याची लेखी मागणी केली. म्हणजे ते दार बाहेरून बंद करायला निघाले. फिनिश लोक तिथे बिथरले, युक्रेनवरचा हल्ला त्यानंतरचा. पुतिन गप्प बसले असते तर फिनलंड आजही बाहेर असता, असं माझं मत. खोडून दाखवा.