शब्दचर्चा : रॅप्चर, सहस्रक आणि ‘जगाचा अंत’ – ख्रिस्ती अंतकाळाचे शब्द मराठीत कसे लिहायचे?

दौत
अंतकाळाबद्दल ख्रिस्ती पंथांत जे मतभेद आहेत, त्यावरचा मजकूर मराठीत आणायचा आहे. मिलेनिअम (ख्रिस्ताचे हजार वर्षांचे राज्य) आणि त्याला लागणारे प्री, पोस्ट, अ हे उपसर्ग; शिवाय रॅप्चर (विश्वासणारे न मरता मेघांत घेतले जाणे), ट्रिब्युलेशन, सेकंड कमिंग, अँटिख्राइस्ट, आर्मागेडन, अपोकॅलिप्स, एवढे शब्द अडले आहेत. तूर्त सहस्त्रकपूर्ववाद, सहस्त्रकोत्तरवाद, असहस्त्रकवाद, स्वर्गारोहण, महाप्रलय, पुनरवतार, सैतान, महायुद्ध आणि जगबुडी असे लिहून ठेवले आहे. वाचकांत ख्रिस्ती आणि बिगरख्रिस्ती दोन्ही असतील.

कोरा कागद
यातले निम्मे आधी खोडा.

‘स्वर्गारोहण’ हा शब्द मोकळा नाही. पुनरुत्थानानंतर चाळिसाव्या दिवशी येशू स्वर्गात गेला, त्या घटनेचे आणि त्या सणाचे ते नाव आहे. रॅप्चरला तेच लिहिले, तर मराठी ख्रिस्ती वाचक भलत्याच प्रसंगात जाऊन बसेल.

‘प्रलय’ नोहाने आधीच अडवलाय. मराठी बायबलात उत्पत्तीच्या सहाव्या ते नवव्या अध्यायांत ‘जलप्रलय’ आहे. बिगरख्रिस्ती वाचकाला प्रलय म्हटले की कल्पान्त आणि त्यापाठोपाठ नवी सृष्टी आठवते, म्हणजे फिरणारे चक्र. इथे काळ एकाच दिशेने जातो आणि एकदाच संपतो. ट्रिब्युलेशनसाठी मूळ ग्रीक शब्द थ्लिप्सिस, म्हणजे दाबले जाणे, चेपले जाणे. मत्तय २४:२१ मध्ये मराठीत ‘मोठे संकट’ आहे, प्रवचनांतून ‘महासंकट’ ऐकू येते. दोन्ही चालतील. पाण्याचा संबंध नाही.

‘पुनरवतार’ तर नकोच. अवतारात नवा जन्म, नवा देह आला. इथे जो गेला तोच, त्याच देहाने परत येणार. ‘पुनरागमन’ किंवा ‘दुसरे येणे’ लिहा. वर्तमानपत्रे ईस्टरच्या बातमीत पुनरुत्थानाला ‘पुनर्जन्म’ लिहितात, तीही याच घरातली चूक.

सैतान आणि अँटिख्राइस्ट एक नव्हेत. ‘ख्रिस्तविरोधी’ हा शब्द योहानाच्या पहिल्या आणि दुसऱ्या पत्रातच येतो, आणि तिथे ‘पुष्कळ ख्रिस्तविरोधी’ असे अनेकवचनही आहे. बायबलातले शेवटचे पुस्तक प्रकटीकरण, त्यात तो शब्द एकदाही नाही, तिथे ‘श्वापद’ आहे. थेस्सलनीकाकरांच्या दुसऱ्या पत्रातला ‘अनीतिमान पुरुष’ तिसरा. या तिघांना एकच व्यक्ती मानणे हा अर्थ लावणाऱ्यांचा निर्णय आहे. म्हणून ज्या मजकुरात श्वापद आहे तिथे श्वापदच ठेवा, जुळवाजुळव अनुवादकाने करू नये.

शेरा
आता सहस्रक. हा सगळा वाद प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायातल्या सहा वचनांवर उभा आहे. दोन ते सात या प्रत्येक वचनात ‘हजार वर्षे’ एकेकदा येतात, बायबलात या राज्याची मुदत दुसरीकडे कुठेच सांगितलेली नाही.

पूर्व आणि उत्तर ही विशेषणे ख्रिस्ताच्या येण्याला लागतात, सहस्रकाला नव्हे. ‘सहस्रकपूर्ववाद’ वाचून वाचकाला वाटते, सहस्रकाच्या आधीच्या काळाविषयी काहीतरी मत असेल. त्यापेक्षा ‘सहस्रकपूर्व आगमनवाद’ लिहा: आधी ख्रिस्त येतो, मग हजार वर्षे राज्य करतो. ‘सहस्रकोत्तर आगमनवाद’ म्हणजे आधी सुवार्तेच्या प्रसाराने जग सुधारत जाऊन सुवर्णकाळ येतो आणि तो सरल्यावर ख्रिस्त येतो. शब्द एका अक्षरसमूहाने लांबतो, पण गोंधळ टळतो.

हा दुसरा पक्ष आज अल्पसंख्य असला तरी मराठीच्या इतिहासाला अगदीच परका नाही. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेले अमेरिकन मिशनरी न्यू इंग्लंडच्या ज्या धार्मिक वातावरणातून आले, त्यावर अठराव्या शतकातला धर्मपंडित जोनाथन एडवर्ड्स याचा मोठा ठसा होता, आणि एडवर्ड्स सहस्रकोत्तरवाला.

दौत
आणि ‘असहस्रकवाद’? हजार वर्षे मानतच नाहीत, असेच ना?

शेरा
नाही, आणि नेमकी इथेच सर्वांची गाडी घसरते. ‘अ’ हा उपसर्ग विरोधकांच्या सोयीचा आहे. हे लोक हजार वर्षे नाकारत नाहीत, ती आत्ता चालू आहेत असे म्हणतात. हजार ही मोजणी नसून भरलेपणाची खूण. पहिल्या येण्यापासून दुसऱ्या येण्यापर्यंतचा मंडळीचा, म्हणजे चर्चचा, सगळा काळ म्हणजेच ते राज्य. मग त्या अध्यायात हजार वर्षे बांधून ठेवलेला सैतान आत्ता बांधलेला कसा, असे विचारले की ते मत्तय १२:२९ दाखवतात: बलवानाला आधी बांधल्याशिवाय त्याचे घर लुटता येत नाही. ते बांधणे ख्रिस्ताच्या पहिल्या येण्यातच झाले. प्राचीन चर्चचा धर्मपंडित ऑगस्टीन आधी शब्दशः हजार वर्षे मानणारा होता. नंतर त्याने मत बदलले आणि ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या विसाव्या भागात हा अर्थ मांडला. पश्चिमेकडच्या चर्चमध्ये पुढे हजारभर वर्षे तोच चालला.

मी ‘प्रतीकात्मक सहस्रकवाद’ लिहिले असते आणि पहिल्या वेळी ‘ज्याला असहस्रकवाद म्हणतात तो’ एवढी जोड दिली असती.

आणखी एक बारीक जागा. विसावा अध्याय एकोणिसाव्याच्या पुढची घटना सांगतो, की तीच कथा पुन्हा पहिल्यापासून? पहिला अर्थ घेतला की एकोणिसाव्यातला पांढऱ्या घोड्यावरचा स्वार, म्हणजे ख्रिस्त, आधी येतो आणि हजार वर्षे मागाहून, म्हणजे सहस्रकपूर्व पक्ष जिंकला. ग्रीकमध्ये तिथे नुसते ‘काइ एइदोन’ आहे, ‘आणि मी पाहिले’. मराठीत त्याचे ‘नंतर मी पाहिले’ केले, की अनुवादकाने कौल देऊन टाकला. ‘नंतर’ हे दर्शनानंतर दर्शन या अर्थाने चालेल, घटनेनंतर घटना या अर्थाने नाही, पण वाचक दुसराच अर्थ घेतो.

पाणपोई
कॅथलिक बाजू राहिली. कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षणाच्या १९९२ च्या ग्रंथातला (कॅटेकिझम) ६७६ वा परिच्छेद इतिहासाच्या आत पृथ्वीवर पूर्ण होणारे मसीही राज्य ही कल्पना नाकारतो, सौम्य स्वरूपातलीसुद्धा. त्याआधी १९४४ मध्ये रोमने सौम्य सहस्रकवाद ‘निर्धोकपणे शिकवता येत नाही’ असा निर्णय दिलेला होता. अर्थाने हे शेरा म्हणतात त्या तिसऱ्या पक्षाजवळ जाते, पण कॅथलिक स्वतःला ते लेबल लावत नाहीत. त्यांच्याकडे विषयाची मांडणीच वेगळी: मरण, न्याय, स्वर्ग, नरक या चार अंतिम गोष्टी. त्यातही न्याय दोनदा, मरताक्षणी ज्याचा त्याचा आणि शेवटी सगळ्यांचा. कॅथलिक मजकुरात नुसते ‘न्याय’ आले तर कोणता ते पाहून ‘व्यक्तिगत’ किंवा ‘अंतिम’ जोडा.

‘आगमन’ शब्दाला एक सावधगिरी. ‘आगमनकाळ’ म्हणजे नाताळापूर्वीचे चार रविवार. वाचक गडबडेल म्हणून अंतकाळासाठी ‘पुनरागमन’ बरे. गंमत अशी की त्या काळाचा पहिला भाग, १६ डिसेंबरपर्यंतचा, खरे तर दुसऱ्या येण्याकडेच डोळे लावणारा आहे. गोठा आणि तारा नंतर.

हिंदू शब्द घ्यावेत की नाही, हा वाद जुना आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ च्या क्रिस्तपुराणात स्वर्गाला सर्रास ‘वैकुंठ’ आहे. गोव्यातल्या त्या काळच्या श्रोत्याला ते पोचले. आज तोच शब्द वापरलात तर कुणालाच पोचणार नाही.

कोरा कागद
रॅप्चरकडे वळू. मूळ १ थेस्सलनीकाकर ४:१७. ग्रीक क्रियापद हार्पाझो: झडप घालून नेणे, हिरावून नेणे. योहान १०:१२ मध्ये लांडगा मेंढरांवर झडप घालतो, तिथे हेच क्रियापद. लॅटिनमध्ये ‘रापिएमुर’ झाले, त्यावरून रॅप्चर. मराठी प्रवचनांत ‘मंडळीचे उचलले जाणे’ किंवा सरळ ‘रॅप्चर’ म्हणतात. ‘उचलणे’ला मराठीत दोन खोडी आहेत: पोलीस उचलतात, आणि ‘देवाने उचलले’ म्हणजे माणूस गेला. इथे मुद्दा तर न मरता जाण्याचा. म्हणून ‘मेघांत घेतले जाणे’ मला जास्त निर्मळ वाटते.

मात्र रॅप्चर हा शब्द वापरणाऱ्या बहुतेकांच्या मनात एक पक्के वेळापत्रक असते: आधी मंडळी गुपचूप घेतली जाते, मग सात वर्षांचे महासंकट, मग ख्रिस्ताचे उघड येणे, मग हजार वर्षे. ही मांडणी १८३० च्या दशकात जॉन नेल्सन डार्बी यांनी रचली आणि १९०९ च्या स्कोफील्ड बायबलच्या तळटिपांनी घरोघर नेली. तळटीप आणि वचन एकाच पानावर, मग वाचकाला दोन्ही सारख्याच वजनाची वाटू लागली. सहस्रकपूर्व पक्षातलेच दुसरे लोक, दुसऱ्या शतकातल्या जस्टिन आणि आयरेनिअस या ख्रिस्ती लेखकांच्या वाटेने जाणारे, मंडळी संकटातून पार जाईल आणि घेतले जाणे व येणे ही एकच घटना आहे, असे मानतात. त्यांच्या मजकुरात ‘रॅप्चर’ लिहू नका.

मत्तय २४:४० चे ‘एक घेतला जाईल व एक ठेवला जाईल’ रॅप्चरच्या नावावर नेहमी खपते. एक वचन मागे जाऊन पाहा. तिथे जलप्रलयाने वाहवून नेले ते बेसावध लोक, उरला तो नोहा. या न्यायाने पुढच्याच वचनातल्या जात्यावर दळणाऱ्या दोघींपैकी खुंटा धरून मागे राहिली तीच भाग्यवान ठरू शकते. नोहा तारवात ‘घेतला’ गेला, असे उलट उत्तरही देतात. अनुवादात ‘वाचवला जाईल’ असा शब्द घुसवला नाही म्हणजे झाले.

शेरा
त्याच १ थेस्सलनीकाकर ४:१७ मध्ये मराठीची एक जमेची बाजू आहे. मेघांत घेतले जायचे ते प्रभूला ‘सामोरे’ होण्यासाठी. ग्रीक आपान्तेसिस. इंग्रजीत याचे नुसते भेटणे होते. मराठीत पाहुण्याला सामोरे जातो म्हणजे काय करतो? वेशीपर्यंत जातो आणि त्याला घेऊन घरी परततो. वरपक्ष गावाशी आला की वधूपक्ष सामोरा जातो, सीमांतपूजन करतो आणि वाजतगाजत गावात आणतो. वराबरोबर त्याच्या गावाला कोणी निघून जात नाही. मत्तय २५:६ मध्ये हाच ग्रीक शब्द आहे आणि तिथे खरोखरच वर येतोय, कुमारी दिवे घेऊन बाहेर पडतात. प्रेषितांची कृत्ये २८:१५ मध्येही तोच: रोमचे बंधू पौलाला सामोरे अप्पियाच्या पेठेपर्यंत, सुमारे ६५ किलोमीटर, चालत आले आणि त्याच्यासह रोमलाच परतले. म्हणजे मेघांत जायचे ते राजाला पृथ्वीवर आणायला. येण्याला पौल ‘पारूसिआ’ म्हणतो, हा शब्द राजाच्या अधिकृत भेटीलाही वापरत. आपल्याकडे म्हणतात ना, महाराजांची स्वारी आली!

त्रैराशिक
सीमांतपूजन छान, पण त्याने निकाल लागत नाही. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात हा शब्द साध्या भेटीला, अगदी लढाईत समोर येण्यालाही वापरलाय. शिवाय डार्बीपक्ष योहान १४:३ दाखवतो: मी येऊन तुम्हांला आपल्याजवळ घेईन, म्हणजे जिथे मी आहे तिथे तुम्हीही असावे. ‘सामोरे’ ठेवा, पण तो पुरावा म्हणून मांडू नका.

माझा मुद्दा आकड्यांचा, कारण अनुवादात तेही मोडतात. प्रकटीकरणातले ४२ महिने, १२६० दिवस आणि ‘एक काळ, दोन काळ व अर्धा काळ’ हा एकच अवधी आहे: साडेतीन वर्षे, महिना ३० दिवसांचा धरून. ३६५ दिवसांच्या वर्षाने गुणून ‘दुरुस्त’ करू नका. सात वर्षे येतात ती दानीएल ९ च्या सत्तराव्या सप्तकातून, आणि तिथे सप्तक म्हणजे सात वर्षे. ‘आठवडा’ लिहिले की हिशोब कोसळतो.

तारखा काढणाऱ्यांची ठरलेली चूक म्हणजे शून्य वर्ष. अमेरिकन प्रचारक विल्यम मिलर यांनी दानीएल ८:१४ चे २३०० दिवस म्हणजे २३०० वर्षे धरली, आरंभ इ.स.पू. ४५७. सरळ वजाबाकीत १८४३ येते. पण इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १, मध्ये शून्य नाही, म्हणून एक वर्ष वाढून १८४४. ख्रिस्त परत येण्याची तारीख शेवटी २२ ऑक्टोबर १८४४ ठरली. ती गेली, त्या दिवसाला ‘महान निराशा’ म्हणतात. तारीख बरोबर, घटना मात्र स्वर्गात घडली, असा अर्थ लावणाऱ्यांतून सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथ उभा राहिला. पुण्यात त्यांचे विद्यापीठ आहे, तेव्हा हा वाचक मराठीतही आहे. त्यांच्या शिकवणीत ख्रिस्त सहस्रकापूर्वीच येतो, पण हजार वर्षे संत स्वर्गात असतात आणि पृथ्वी ओस पडलेली. म्हणजे ‘सहस्रकपूर्व’ची व्याख्या करताना ‘पृथ्वीवरील राज्य’ असे सरसकट लिहिलेत, तर हे लोक त्यात बसत नाहीत.

आणि ६६६, प्रकटीकरणातल्या श्वापदाची संख्या. हिब्रूत अक्षरांनाच किंमत असते. ‘नेरोन केसर’ची, म्हणजे रोमन सम्राट नीरोच्या नावाची, अक्षरे: ५०, २००, ६, ५०, मग १००, ६०, २००. बेरीज ६६६. लॅटिन वळणाने ‘नेरो’ लिहून शेवटचा न, म्हणजे ५०, काढला की ६१६. आणि काही जुन्या हस्तलिखितांत खरोखर ६१६ आहे. म्हणून अनेक अभ्यासक श्वापद पहिल्या शतकातच शोधतात. हे सगळे अजून पुढे घडायचे आहे असे मानणाऱ्यांना हे मान्य नाही.

दौत
सप्तकाच्या जागी आठवडाच लिहिला होता, बदलतो. आर्मागेडन, अपोकॅलिप्स आणि ‘जगाचा अंत’ उरले.

शेरा
आर्मागेडन हे युद्धाचे नाव नव्हे, जागेचे. मराठी बायबलात ‘हर्मगिदोन’, प्रकटीकरण १६:१६. हर म्हणजे डोंगर. मगिद्दोला मात्र डोंगर नाही, जुन्या वस्त्यांच्या थरांचे टेकाड आहे. ‘हर्मगिदोनची लढाई’ लिहा.

अपोकॅलिप्स म्हणजे झाकण काढणे. ‘प्रकटीकरण’ हा नेमका तोच शब्द पुस्तकाच्या नावात आहे. इंग्रजी वर्तमानपत्री अर्थाने आला असेल तर ‘सर्वनाश’, पण मग बायबलचा संदर्भ तिथे नसावा.

‘जगाचा अंत’ मत्तय २४:३ मध्ये नाही. तिथे ग्रीक ‘आयोन’, मराठी ‘युगाची समाप्ती’, आणि ते बरोबर आहे. युग म्हटल्यावर बिगरख्रिस्ती वाचक कलियुगाच्या ४,३२,००० वर्षांकडे जाईल हे खरे, पण एका वाक्याची टीप पुरते. इ.स. ७० मध्ये यरुशलेमचे मंदिर पडले तेव्हाच ते युग संपले, असे मानणाराही एक पक्ष आहे. ‘जगाचा अंत’ लिहिले की त्यांचे म्हणणे मराठीत मांडताच येत नाही, कारण जग तर चालूच आहे.

आणि हो, पहिल्या प्रतिसादात ‘सहस्त्रक’ लिहिलंय. सहस्र, त्यात त नाही. स ला र.

दौत
शस्त्राच्या सवयीने आला. बदलला, तिन्ही ठिकाणी.