शफलवर लागेल ते गाणं आणि त्यावर दोन ओळी: मदत हवी आहे

मंडळी, एका खेळात अडकलोय, जाणकारांनी हात द्यावा.

आम्ही काही जुने मित्र आपापला गाण्यांचा साठा शफलवर (क्रम आपण न ठरवता, प्लेअरवर सोडून) लावतो, पहिली पाच जी लागतील ती एकमेकांना कळवतो आणि प्रत्येकावर दोन-चार ओळी लिहितो. नियम एकच: 'नेक्स्ट' दाबायचं नाही. भारदस्त बंदिशीनंतर कॉलेजात डोक्यावर घेतलेलं एखादं टुकार गाणं आलं तरी लपवायचं नाही. खरी गंमत तिथेच असते.

माझा साठा चारेक हजार गाण्यांचा. थोडी कॅसेटवरून उतरवलेली, बरीचशी सीडीवरून घेतलेली, उरलेली कुणाकुणाच्या पेनड्राइव्हमधून आलेली.

शफल खरंच शफल असतं का? एकाच गायिकेची तीन गाणी लागोपाठ येतात, परवा लागलेलं आज पुन्हा येतं आणि काही गाणी वर्षानुवर्षं तोंड दाखवत नाहीत. मित्रांना वाटतं मीच निवडून लावतो. दुसरी अडचण ख्यालाची. सीडीवर विलंबित, म्हणजे संथ भाग, एका ट्रॅकवर, आणि द्रुत, म्हणजे जलद भाग, पुढच्या. शफलमध्ये विलंबित संपतं न संपतं तोच भलतंच ढॅणढॅण सुरू होतं, नाहीतर नुसतं द्रुत कुठूनतरी उगवतं, आगा ना पिछा. शिवाय बऱ्याच फायलींची नावं '?????' किंवा 'ट्रॅक ०३' अशी दिसतात.

पण सगळ्यात मोठी पंचाईत लिहिण्याची. 'अप्रतिम', 'अंगावर काटा', 'जुन्या आठवणी जाग्या झाल्या' यापुढे गाडी सरकत नाही. संगीत शिकलेलो नाही. तुम्ही काय लिहिता?

प्रतिसाद:
पहिल्या प्रश्नापुरतं. प्लेअरमध्ये 'रँडम' लावलंय की 'शफल' ते आधी बघा. शफल म्हणजे पत्ते पिसायचे आणि गड्डी संपेपर्यंत वरून एकेक पान उचलायचं. रँडम म्हणजे उचललेलं पान दर वेळी गड्डीत परत टाकायचं. चार हजार गाण्यांत असं केलं तर पहिल्या पंचाहत्तर गाण्यांतच एखादं दुसऱ्यांदा लागण्याची शक्यता निम्म्याला येऊन भिडते. (२३ माणसांत दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला येण्याचं जे गणित, तेच हे.) आणि शफल असलं तरी बंद करून पुन्हा उघडलं की बरेच प्लेअर गड्डी नव्याने पिसतात. म्हणून परवाचं आज.

लागोपाठ तिनाचं म्हणाल, तर साठ्यातला पाव हिस्सा एकाच गायिकेचा असेल तेव्हा कुठलीही सलग तीन गाणी तिचीच निघण्याची शक्यता ६४ मध्ये १. रोज ऐकणाऱ्याला हे दिसणारच. आपल्यालाच ते लबाडीचं वाटतं. ॲपलने २००५ साली आपल्या आयट्यून्स या प्लेअरमध्ये एका गायकाची गाणी लांब-लांब पसरवण्याची सोय दिली आणि स्पॉटिफायने २०१४ मध्ये शफलची पद्धत बदलली, ती याच तक्रारीपायी.

तोंड न दाखवणाऱ्यांसाठी 'एकदाही न वाजलेली' अशी स्मार्ट प्लेलिस्ट (अटीत बसणारी गाणी आपोआप गोळा करणारी यादी) करा आणि तिच्यावर शफल लावा.

प्रतिसाद:
ख्यालासाठी: संगणकावर ऐकत असाल तर फूबार२००० या प्लेअरमध्ये 'शफल (अल्बम्स)' असा पर्याय आहे. अल्बम कुठलाही लागो, तो सलग वाजतो. आयट्यून्सवाल्यांनी द्रुतच्या ट्रॅकला 'स्किप व्हेन शफलिंग' अशी खूण करावी. मग फक्त विलंबित लागतं आणि ते संपलं की द्रुत आपण हाताने लावायचं. थोडं ओल्ड स्कूल, पण बिनचूक.

प्रश्नचिन्हांचं कारण जुने टॅग, म्हणजे फायलीतच साठवलेली गाण्याची नाव-गायक वगैरे माहिती. एमपी३ फायलींच्या टॅगची पद्धत म्हणजे आयडी३, तिची पहिली आवृत्ती १९९६ ची. तिच्यात गाण्याच्या नावाला ३० बाइट एवढीच जागा आणि युनिकोडची (सगळ्या लिपींसाठीच्या अक्षरसंकेताची) सोयच नाही. देवनागरी तिथे बसणार कशी? एमपी३टॅग या टॅग बदलायच्या प्रोग्राममध्ये फायली उघडून नावं पुन्हा लिहा आणि आयडी३ च्या २.३ आवृत्तीत, यूटीएफ-१६ (युनिकोडचाच एक प्रकार) मध्ये सेव्ह करा. 'ट्रॅक ०३' वाल्यांसाठी म्युझिकब्रेन्झ पिकार्ड हा प्रोग्राम आवाजाच्या ठशावरून गाणं ओळखतो. कॅसेटवरच्या गाण्यांना मात्र त्याचा फारसा उपयोग नाही, टेपचा वेग जरा हलला की ठसा जुळत नाही.

प्रतिसाद:
लिहिण्याबद्दल. राग-ताल कळत नाहीत म्हणून अडू नका. कवी, संगीतकार, साल हे कुणालाही सापडतं, पण तुमच्याकडची प्रत फक्त तुमच्याकडे आहे. माझ्याकडे कॅसेटवरून उतरवलेलं एक भावगीत आहे. टेपरेकॉर्डर जरा जोरात फिरायचा, त्यामुळे गाणं मूळ पट्टीपेक्षा जवळजवळ अर्धा सूर चढं. दुसऱ्या अंतऱ्यात 'ए' बाजू संपल्याचा खटका येतो, मग 'बी' बाजू सुरू होते, आणि मधल्या मध्ये तबल्याच्या दोन मात्रा गळालेल्या. आता मूळ ध्वनिमुद्रण ऐकलं की मला तेच मरगळलेलं वाटतं, आणि त्या दोन मात्रा आगाऊ! यावर मी पानभर लिहिलं, एकाही सुराचं नाव न घेता.

दुसरं, सांध्यावर लिहा. एका गाण्याची सारंगी जिथे थांबली नेमक्या त्याच सुरावर पुढच्याची गिटार सुरू झाली, असं शफलमध्ये अधूनमधून घडतं. ते कुठल्याच अल्बमवर मिळणार नाही.

प्रतिसाद:
वरच्याशी अर्धाच सहमत. आठवणी फार झाल्या की गाणं बाजूला राहतं आणि आत्मचरित्र सुरू होतं. मी स्वतःला एक बंधन घालतो: गाण्यातली एक जागा नेमकी सांगायची, मिनिट-सेकंदासकट. '२:१४ ला ध्रुवपदावर परत येताना तिचा श्वास ऐकू येतो' एवढंच लिहा. बाकीचे मुकाट्याने तिथे जातात, ऐकतात आणि भांडायला येतात. न आवडलेल्या गाण्यालाही हेच लावा, नेमकं कुठे बिघडलं ते सांगा.

धागाकर्ता:
खूप आभार! फोनवरचा प्लेअर दर वेळी नव्याने पिसतो हे पक्कं झालं, चौसष्टाच्या हिशोबाने मित्रही गप्प झाले. एकच राहिलं. कॅसेटवरचं गाणं कुजबुजतं आणि त्यामागून येणारं नवं गाणं कानठळ्या बसवतं. दर वेळी आवाज खाली-वर करत बसायचं का?

प्रतिसाद:
नाही हो. रिप्लेगेन वापरा, म्हणजे सगळी गाणी सारख्या आवाजात लावायची सोय. फूबार सगळ्या फायली मोजून टॅगमध्ये फक्त आकडा लिहितो, मूळ ध्वनीला हात लावत नाही. एरवी 'ट्रॅक गेन' (प्रत्येक गाणं सारख्या पातळीवर) ठेवा. ख्यालाच्या सीडी सलग ऐकताना मात्र 'अल्बम गेन' (अख्ख्या अल्बमला एकच आकडा), नाहीतर विलंबित आणि द्रुत दोन्ही एकाच पातळीवर येऊन बसतात. चार हजार फायली मोजायला वेळ लागेल, रात्री लावून झोपा.